कुंडीमागचा हात

कॅमेरा माझा होता, नजर लातूरच्या एका निवृत्त वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी दिली. हे ऋण फिटण्यातलं नाही, म्हणून निदान लिहून तरी ठेवतो.

एका संग्रहालयाला शाळकरी मुलांसाठी बोन्सायवर छोट्या फिल्म हव्या होत्या. नांदेडहून सामान घेऊन मी बाईंच्या गच्चीवर पोचलो. वड, पिंपळ, उंबर, डाळिंब, सगळे उथळ कुंड्यांत. ट्रायपॉड उघडतोय तोच बाई म्हणाल्या, "खाली बस की! झाडाकडं वरून बघितलं तर रोपटंच दिसणार." लेन्स मातीच्या पातळीला आणली आणि हातभर उंचीचा वड पारावरच्या वडासारखा अंगावर आला. पुढं डाळिंब. पानं नखाएवढी, पण फळ बाजारातल्यासारखं, त्याच्या भारानं फांदी कुंडीच्या काठाला टेकलेली. "पान आखूड होतं रे, फळ ऐकत नाही," बाई हसल्या. फांदीला वळण देणारी तार सालीत रुतायच्या बेतात होती. ती उलगडली तर कोवळी फांदी मोडते. बाई कटरनं एकेक वेढा तोडून काढत होत्या. मी कॅमेरा त्यांच्या बोटांवर नेला. संग्रहालयानं ते दृश्य गाळायला सांगितलं. त्यांना फक्त झाड हवं होतं.

ही झाडं २०१६ चा उन्हाळा काढून उरलेली. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, सगळ्या देशानं ते पाहिलं. उथळ कुंडी मे महिन्यात दिवसभरात कोरडी पडते. शेजारीपाजारी म्हणायचे, माणसांना प्यायला नाही आणि बाईंचे हे चोचले! बाईंनी तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी साठवलं, अंघोळीचं बिनसाबणाचं पाणी बादलीत धरलं आणि झाडागणिक एकेक फुलपात्र घातलं. नळाचं पाणी कुंड्यांना दिलं नाही.

वॉशिंग्टनच्या बोन्साय संग्रहालयात १६२५ पासून जोपासलेला एक जपानी पाइन आहे. यामाकी कुटुंबानं तो १९७६ मध्ये भेट दिला. १९४५ मध्ये हिरोशिमाच्या बाँबस्फोटातून तो वाचला होता, हे संग्रहालयाला थेट २००१ मध्ये कळलं, तेही यामाकींचे नातू झाड बघायला आले म्हणून. तोवर नुसतं झाडच बघितलं जात होतं.

बाईंनी श्रेयनामावलीत नाव घालू दिलं नाही, म्हणून इथंही देत नाही. गाळलेलं ते दृश्य मात्र मी जपून ठेवलंय. तुमच्या गावात कुणी असं झाड सांभाळत असेल, तर मोबाइलवर का होईना, चित्रण करून ठेवा. आणि चौकटीत सांभाळणाऱ्याचा हातही येऊ द्या.