मुदपाकखान्याचा अखत्यार

पेलिऑन पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या व्होलोस या ग्रीक बंदरात, धक्क्याजवळच्या एका जेमतेम आठ मेजांच्या खानावळीत बसताच मी भोजनपत्रिका मागितली, आणि मालकाने तिच्याऐवजी मलाच एक प्रश्न विचारला: बडीशेपेच्या वासाची की बिनवासाची? ज्यांचे जहाज सिमेंट भरून घेण्यासाठी तेथे लागले होते त्या माझ्या अभियंता स्नेह्यांनी परस्पर उत्तर देऊन टाकले व मग मला तेथला दस्तूर समजावून सांगितला. द्राक्षांचा रस काढल्यावर उरलेल्या चोथ्यापासून गाळलेले त्सिपुरो हे मद्य 50 मिलिलिटरच्या चिमुकल्या बाटलीतून यावयाचे. प्रत्येक फेरीबरोबर ‘मेझे’, म्हणजे बशी-दोन बश्या खाद्य, आपोआप यावयाचे. ते कोणते असावे याचा संपूर्ण अखत्यार मुदपाकखान्याचा, आणि हिशेब केवळ बाटल्यांचा. 1922 साली आशिया मायनरमधून परागंदा होऊन आलेल्या निर्वासितांनी, दिवसभर बंदरावर हमाली करून घसा ओला करताना, ही चाल येथे रूढ केली असे सांगतात.

माझ्यासारख्या मद्याच्या बाबतीत अतिशय भित्र्या मनुष्यापुढे त्यामुळे चमत्कारिक पेच उभा राहिला. कारण प्यावयाचे नाही तर खावयासही नाही! माझ्या बाटल्या स्नेह्यांनी रिचवाव्यात व बश्यांचा समाचार मी घ्यावा, असा तह आम्ही केला.

पहिल्या फेरीला ऑलिव्ह व खारवलेले मासे आले. दुसऱ्या फेरीला भाजलेल्या वांग्याचे, लसूण घातलेले पण फोडणीचा स्पर्शही नसलेले भरीत आले, आणि त्याच्या शेजारी पिवळ्या डाळीचा, वर कच्चा कांदा पेरलेला असा घट्ट गोळा, की जो पाहून मला पिठल्याची आठवण होऊन किंचित गहिवरून आले. तिसऱ्या फेरीला निखाऱ्यावर भाजलेला ऑक्टोपस आला. बाहेरून करपट, आत लुसलुशीत, वर नुसती सिरक्याची धार. असे काही यापूर्वी माझ्या जिभेवर आलेच नव्हते. म्हणून चौथ्या फेरीला मी तोच पुन्हा आणण्याची फर्माईश केली. मालकाने भुवया उंचावून जिभेने ‘च्’ असा आवाज केला. आपल्याकडे ती हळहळ ठरली असती, तेथे तो स्वच्छ नकार असतो. पुढची बशी मागच्या बशीहून सरस असलीच पाहिजे, मागे फिरणे नाही, असा त्याचा बाणा होता. आणि टोमॅटो व फेटा चीजमध्ये शिजलेली कोळंबी पुढ्यात येताच माझी तक्रार मी मुकाट्याने मागे घेतली.

हा ‘मेझे’ शब्द ग्रीकांनी तुर्कांकडून घेतला आणि तुर्कांनी फारशीतून, जेथे त्याचा अर्थ चव असा आहे. तोच आपल्याकडे ‘मजा’ होऊन आला. वाटेत त्यातले खाणे तेवढे सांडले.

निघताना मालक मेजावरील रिकाम्या बाटल्या बोटाने मोजू लागला. नऊ झाल्या. दहावी माझ्या कोपरामागे अर्धी भरलेली सापडली. ती त्याने उजेडात धरून पाहिली, काही न बोलता आत गेला, आणि पेलिऑनवरील रानझुडपांच्या कोवळ्या कोंबांचे लोणचे बशीत घालून घेऊन आला; ते नेमके माझ्यापुढे ठेवले, बाटलीही माझ्याचपुढे ठेवली, आणि खुर्ची ओढून समोर बसला.