डीजे आणि दहा राग

पनवेलीत 'डीजे' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माणूस उभा राहत नाही. उभी राहते ती टेंपोवर रचलेली ध्वनिवर्धकांची भिंत. विसर्जनाच्या मिरवणुकीत ती भिंत आमच्या दारावरून जाते तेव्हा मांडणीवरील भांडी थरथरू लागतात आणि शेजारचे वृद्ध गृहस्थ कानांत कापसाचे बोळे घालून बसतात. म्हणूनच गतवर्षी आमच्या दहावीतल्या भाच्याने "मामा, मला डीजे व्हायचे आहे," असे सांगितले, त्या वेळी आमच्या मुखातून जे शब्द निघाले ते शाळेच्या वार्षिकात छापण्याजोगे नाहीत.

पोर निमूटपणे निघून गेले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी मात्र हेडफोन घेऊन पुन्हा हजर! "दोन मिनिटे ऐका, मामा. मग हवे तर रागवा."

ऐकू लागलो. प्रथम यंत्राचा एकसारखा ठोका. मागे तंबोऱ्यासारखा अखंड गुंजारव. आणि त्यावर हळूहळू उमटणारे स्वर. आम्ही वडिलांच्या मांडीशी बसून पेटी शिकलो आहोत. कोमल ऋषभ आणि कोमल धैवत कानी पडताच आम्ही नकळत बोलून गेलो, "अरे, हा तर भैरव! कोणी वाजवला?"

"चरणजित सिंग यांनी. आपल्या मुंबईत, १९८२ साली."

त्या रात्री आम्ही या गृहस्थांविषयी मिळेल ते वाचून काढले. नृत्यगृहात तबकड्या लावणारे ते नव्हेत; ते हाडाचे वादक. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या वाद्यवृंदांत त्यांनी वर्षानुवर्षे गिटार आणि नवनवी विद्युत्‌वाद्ये वाजविली. पडद्यावर ज्यांचे नावही दिसत नसे अशा शेकडो वादकांपैकी ते एक. १९८२ च्या सुमारास चित्रपटांत डिस्कोचा सुकाळ झाला होता. तेव्हा यांनी तबला दूर ठेवून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविले आणि एच.एम.व्ही.ने ती ध्वनिमुद्रिका काढली. भैरव, ललित, भूपाळी, तोडी असा तिचा क्रम आहे. प्रातःकालचा बैरागी अगदी अखेरीस आलेला पाहून आमच्या वडिलांनी कपाळाला हात लावला असता, हे आम्ही येथे कबूल करतो.

वाद्ये तीन, तिन्ही जपानच्या रोलंड कंपनीची: स्वरांसाठी ज्युपिटर-८, तालासाठी टीआर-८०८ आणि खर्जासाठी टीबी-३०३. यांतील तिसऱ्याची कथा मोठी मौजेची आहे. बेस गिटार वाजविणारा सोबती नसेल त्याने हे यंत्र लावून सराव करावा, हा ते काढण्यामागील हेतू. यंत्र वाजे भलतेच, गिटारीसारखे मुळीच नाही. ते खपेना, आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन बंद पडले. परंतु त्यात सोळा खाने असतात, हवा तो स्वर हव्या त्या खान्यात बसविता येतो, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्याची सोयही आहे. आपण तिला मींड म्हणतो. ज्याची जागा घेण्यासाठी हे यंत्र जन्मले तो बेस गिटारवादक म्हणजे स्वतः चरणजित! त्यांनी त्याचा राग न धरता त्याच्याकडून राग वाजवून घेतले.

मुद्रिका खपली नाही. चरणजित पुन्हा आपल्या वादनाकडे वळले.

इकडे अमेरिकेत शिकागो शहरी 'वेअरहाऊस' नामक नृत्यगृहात फ्रँकी नकल्स तबकड्या लावीत असत. त्या घराच्या नावावरून 'हाउस' हे संगीत प्रसिद्धीस आले. डेट्रॉइटमध्ये 'टेक्नो' जन्मले. शिकागोच्याच काही तरुणांनी टाकाऊ ठरलेले ते टीबी-३०३ घेऊन, त्याच्या खुंट्या पिळीत १९८७ मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' ही मुद्रिका काढली आणि 'ॲसिड हाउस' पंथ निघाला. पुढे एडो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती चरणजितांची जुनी तबकडी लागली. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली आणि पाश्चात्त्य रसिक चकित झाले: हे तर पाच वर्षे आधीचे! शिकागोकरांनी ती ऐकली होती असे नव्हे. तेव्हा 'जनक' वगैरे पदव्या आम्ही देणार नाही. परंतु सत्तरीच्या उंबरठ्यावरील त्या वादकाला युरोपात बोलावणी आली आणि तरुण पोरे मालकंसावर नाचली, हे खरे. २०१५ च्या जुलैत मुंबईत त्यांचे निधन झाले.

यंत्रावर राग कसले, असे म्हणणारे भेटतात. पेटीलाही लोक परकी म्हणतच होते. १९४० साली आकाशवाणीने तिला बंदी केली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडले. आमच्या वडिलांची उमेद त्यातच गेली.

भाच्याशी आमचा तह झाला आहे: दहावी नीट व्हावी, आणि रोज अर्धा तास पेटी. परवा तो संगणकावर यमन बसवीत होता. सूर बरोबर, तरी यमन दिसेना. "मामा, कुठे चुकते?" आम्ही पेटी ओढून 'नी रे ग' वाजविले. त्याने चढताना प्रत्येक वेळी 'सा' घातला होता.

"तो खाना मोकळा ठेव," आम्ही म्हटले.

त्याने ठेवला, आणि पुन्हा सुरू केले.