काळ्या वाळूवरची मोजणी

कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर तोर्तुगेरो नावाचं गाव आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला संथ गोड्या पाण्याचे फाटे, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर घरं. मोटाररस्ता तिथवर पोचत नाही. होडीनं जायचं, नाहीतर छोट्या विमानानं. पाऊस बाराही महिने. मी न्यू जर्सीतल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि उन्हाळी सुट्टीत अकरावी-बारावीच्या मुलांना घेऊन इथे येते. सहलीच्या पत्रकावर विज्ञान आणि सेवा हे दोन शब्द ठळक छापलेले असतात. पहिल्याबद्दल पालक फारसं विचारत नाहीत. दुसऱ्याबद्दल मात्र खोदून विचारतात. पोरं तिथे जाऊन नेमकं काय करणार? कुणाच्या उपयोगी पडणार?

प्रश्न रास्त आहे. परक्या देशातल्या शाळेची भिंत रंगवून, फोटो काढून परतणाऱ्या सहली मीही पाहिल्या आहेत. भिंत रंगवणारे हात त्या गावात असतातच, आणि ते आमच्या मुलांपेक्षा सफाईनं रंगवतात. यजमानांचं एखादं मोठं काम आधीपासून चालू असेल आणि त्यात माणसं कमी पडत असतील, तरच पाहुण्याची मदत खरी, असं माझं ठाम मत झालं आहे. तोर्तुगेरोत असं काम आहे. तिथे कासवं मोजतात.

सुरुवात केली आर्ची कार यांनी. फ्लोरिडा विद्यापीठातले हे प्राणिशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात इथे आले, तेव्हा अंडी घालायला आलेली हिरव्या कासवाची मादी दिसली की लोक ती उलथी पाडून ठेवत आणि मांसासाठी नेत. १९५५ पासून माद्यांना क्रमांकाची धातूची पट्टी लावायला सुरुवात झाली. पट्टीवर विद्यापीठाचा पत्ता आणि ती परत पाठवणाऱ्याला बक्षीस. मग पत्रं येऊ लागली. त्यांतली बरीचशी निकाराग्वाच्या किनाऱ्यावरच्या मिस्किटो कोळ्यांकडून. ज्या कासवाच्या मांसावर घर जेवलं, त्याची पट्टी त्यांनी जपून ठेवलेली, आणि कुणाकडून तरी पत्र लिहवून घेऊन ती पाठवलेली. निकाराग्वाजवळच्या उथळ समुद्रातलं गवत चरणारी कासवं अंडी घालायला तोर्तुगेरोला येतात, हे जगाला कळलं ते या पट्ट्यांमुळे. हा इतिहास मी मुलांना होडीतच सांगते. विज्ञानाच्या पुस्तकात शास्त्रज्ञाचं नाव असतं आणि ते असायलाच हवं. पण कासवांच्या प्रवासाच्या नकाशातले कितीतरी ठिपके शिकाऱ्यांनी दिलेले आहेत, हेही मुलांना ठाऊक असायला हवं. पुढे १९५९ मध्ये कासवांसाठी संस्था उभी राहिली, १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि आज त्याच गावातली माणसं रात्री आम्हाला वाट दाखवतात.

रात्र म्हणजे खरोखरच रात्र. गडद कपडे, फोन खोलीवर, उजेड फक्त वाटाड्याच्या लाल दिव्याचा, तोही गरजेपुरता. वाळू ज्वालामुखीची, काळी, त्यामुळे पायाखालचं काही दिसत नाही. समुद्रातून वर येणारा मीटरभर रुंदीचा माग लागला की सगळे जागच्या जागी थांबतात. मादीनं खड्डा सुरू केलेला असतो, आणि अंडी पडायला लागेपर्यंत जवळ जायचं नाही. तिला चाहूल लागली तर ती तशीच परत फिरते.

तिचे मागचे पाय मी कितीही वेळ पाहत राहीन. एक पाय वाकून तळहातासारखा आत जातो, ओंजळभर ओली वाळू अलगद वर आणतो आणि कडेला ठेवतो. लगेच दुसरा पाय कडेची भुसभुशीत वाळू झटक्यात उडवतो, म्हणजे ती परत खड्ड्यात ढासळू नये. मग पाळी बदलते. हे सगळं ती मागे न पाहता करते, आणि खड्डा तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद असा नेमका होतो.

अंडी पडायला लागली की एक विद्यार्थी हातमोजा घालून मागे पालथा झोपतो, हात खड्ड्यात घालतो आणि तळव्याला लागून जाणारं प्रत्येक अंडं दुसऱ्या हातातल्या काउंटरवर मोजतो. गेल्या खेपेला ही पाळी पुण्याहून आलेल्या कुटुंबातल्या एका मुलीची होती. महाराष्ट्र मंडळात ती मला मावशी म्हणते, वर्गात आडनावानं. इथे अंधारात मावशीच निघालं. “मावशी, रडतेय का गं ती?” मी तिला मिठाच्या ग्रंथींबद्दल सांगितलं: खारं पाणी पिणारा प्राणी जास्तीचं मीठ डोळ्यांवाटे टाकतो, समुद्रात ते दिसत नाही इतकंच. तिनं ऐकून घेतलं, पण अंगठा थांबला नाही. ११२ अंडी.

मग पाठीवरून फीत फिरवून लांबी घेतली, आणि पुढच्या पायाशी जुनी पट्टी सापडली. आकडा एकानं मोठ्यानं वाचला, दुसऱ्यानं परत म्हटला, तिसऱ्यानं पावसात पेन्सिलीनं लिहिला, आणि लिहिलेला पुन्हा वाचून पाहिला. एकाच्या जागी सात पडला तर एक मादी मेली आणि भलतीच जिवंत झाली. माझ्या वर्गात प्रयोगवही घाईनं उरकणारी मुलं इथे आकड्यासाठी तीन-तीनदा वाकतात. विज्ञान शिकवायची याहून चांगली जागा मला माहीत नाही.

या अंड्यांतून साधारण दोन महिन्यांनी पिल्लं निघतील. वाळू जास्त तापलेली असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त. पृथ्वी तापत असताना ही साधी गोष्ट राहिलेली नाही. वाचलेल्या मोजक्या पिल्लांना वयात यायला निदान दोन-तीन दशकं लागतील. त्या वेळी किनाऱ्यावर मोजायला दुसरंच कुणी असेल, आणि त्याला आजची ओळ लागेल. आमच्या मुलांनी दिलेली सेवा ती एवढीच, आणि मला ती मुळीच थोडी वाटत नाही.

अशा पट्टीची गोष्ट आपल्याकडेही घडली. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये पट्टी लावलेली ऑलिव्ह रिडले कासवाची एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं. बातमी वाचून मी ती त्या मुलीला पाठवली. तिचा लगेच उलट प्रश्न आला: “रात्रीचा तो आकडा वाचला कुणी?” मी तिला गुहागर, वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर रात्री-पहाटे चालणाऱ्या गावकऱ्यांबद्दल लिहिलं, ज्यांना आपल्याकडे कासवमित्र म्हणतात. पुढच्या हंगामात मी घरी जाणार आहे. तिथे नोंदी लिहायला कुणी हवं असेल तर तिला यायचं आहे, आणि तोपर्यंत देवनागरी आकडे पक्के करते म्हणाली.