परत आलेल्या फायली

एका नागरी सहकारी बँकेच्या कर्जविभागासाठी आम्ही वेब अ‍ॅप्लिकेशन करत होतो. बँकेने कार्यपद्धतीची पुस्तिका दिली होती: अर्ज, छाननी, वकिलांचा मिळकतीबाबतचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, कर्ज समिती, मंजुरीपत्र, वाटप. कोडला हात लावण्याआधी मी शाखेत गेले आणि कर्जाचं टेबल सांभाळणाऱ्या बाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसले.

त्यांच्या कपाटात बऱ्याच फायली उभ्या होत्या, काही आडव्या. आडव्या म्हणजे अडलेल्या. प्रत्येकीवर पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलेलं: ‘सर्च बाकी’, ‘जामीनदाराची सही’, ‘साहेबांकडून परत’. पुस्तिकेतली फाइल फक्त पुढेच जायची. बाईंचा दिवस मात्र परत आलेल्या फायली मार्गी लावण्यातच जायचा.

पुस्तिकेत होतं तसं सगळं आधी बीपीएमएन या कामाचा ओघ आकृतीत दाखवणाऱ्या चिन्हपद्धतीत काढलं. तिची २.० आवृत्ती २०११ साली आली आणि २०१३ मध्ये तिला आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला. ज्याचं काम त्याचा पट्टा, आणि वाट फुटते किंवा मिळते तिथे पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण. मला या पद्धतीचं मोल वाटतं ते एवढ्यासाठी, की प्रोग्रामिंगचा गंध नसलेल्या माणसालाही ती वाचता येते. बाईंनी बोट फिरवत फिरवत आकृती वाचली आणि समितीच्या अलीकडे थांबल्या. तिथे अधिकचं चिन्ह होतं, म्हणजे सर्च रिपोर्ट आणि मूल्यांकन दोन्ही आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

“वाहनकर्जाला सर्च कुठला, मॅडम? कोटेशन लागतं. मग ही फाइल इथे कुणाची वाट बघणार?”

खरंच, ती कायमची तिथेच अडकली असती आणि स्क्रीनवर काही चूकही दिसली नसती. तिथे वर्तुळाची खूण घातली: जेवढ्या वाटा सुरू झाल्या, तेवढ्यांचीच वाट बघायची.

सगळ्यात जास्त वेळ दिला तो ‘साहेबांकडून परत’ला. परत म्हणजे नेमकी कुठे? पेन्सिलच्या नोंदींवरून कारणांची यादी केली आणि प्रत्येक कारणाला वेगळी वाट दिली. जामीनदार बदलला, तर फक्त त्याची पततपासणी नव्याने. सर्च रिपोर्ट तसाच राहतो. मिळकतीच्या कागदात खोट निघाली, तर फाइल थेट वकिलांकडे.