संहती

आष्टीच्या शाळेत रसायनशास्त्र शिकताना ज्या शब्दाने मला प्रथम भुरळ घातली, तो म्हणजे ‘संहती’. सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले की गंधकाचे कण सुटतात आणि चंचुपात्राखालच्या कागदावरील फुली हळूहळू दिसेनाशी होते. थायोसल्फेटमध्ये आधीच पाणी वाढवले, तर तीच फुली बराच काळ तग धरते. कण विरळ होतात, त्यांच्या टकरी कमी होतात, अभिक्रिया मंदावते. ‘संहती’च्या मुळाशी ‘हन्’ हा धातू आहे, हे पुढे संस्कृत शिकताना कळले. एकत्र येणे आणि आदळणे हे दोन्ही अर्थ त्या शब्दात आधीपासूनच नांदत होते.

या विषयातले पहिले नेमके मोजमाप झाले ते उसाच्या साखरेवर. 1850 मध्ये लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने आम्लात साखरेचे विघटन होताना ध्रुवित प्रकाशाचे वळण कसे बदलते, ते टिपले. कोणत्याही क्षणी विघटनाचा वेग त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो, असे त्याला आढळले. साखर संपत जाते, तसा वेगही ओसरतो.

ऊस म्हटला की आमच्या तालुक्यात मात्र आठवतो तो कोयता. कोयता म्हणजे हत्यार आणि तो धरणारे जोडपेही. दसरा-दिवाळीनंतर उचल घेतलेल्या टोळ्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. वस्त्यांवर म्हातारीकोतारी उरतात, पारावरचे बोलणे विरते, शाळेतली बाके रिकामी होतात. गावाची संहती घटली, म्हणून गावाचा वेग मंदावला, असे लिहिण्याचा मोह अशा वेळी अनावर होतो.

हे रूपक मला देखणे वाटते आणि म्हणूनच धोक्याचेही. ‘दर’ हा शब्दच पाहा. अभिक्रियेला दर असतो, तसा ऊसतोडणीलाही टनामागे दर असतो. पहिल्यामागे निसर्गाचा नियम आहे; दुसरा माणसे वाटाघाटीत ठरवतात. साखरेच्या रेणूने कुणाची उचल घेतलेली नसते. गाव ओस पडणे हा जणू पदार्थाचा गुणधर्मच आहे असे आपण लिहू लागलो, की पाणी, कर्ज आणि मजुरी हे प्रश्न वाक्यातून अलगद निसटतात.

विज्ञानाकडून प्रतिमा जरूर घ्यावी. तिच्याबरोबर अपरिहार्यता मात्र उसनी घेऊ नये.