पाण्यासकट पक्षी

पाणपक्ष्याचं चित्र समोर आलं की बहुतेकांची नजर आधी पिसांवर जाते. पिसं किती बारीक काढलीत, डोळ्यात चमक उतरली आहे का, चोच फोटोसारखी वठली आहे का, यावर दाद मिळते. चित्रं काढणाऱ्याला ही कसोटी अपुरी वाटते. पाणी चुकलं तर पिसं कितीही हुबेहूब असोत, चित्र खोटं पडतं. पाणी साधलं तर चार फटकाऱ्यांतला पक्षीही जिवंत वाटतो. कुणाला हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटेल, पण काठावर उभं राहून कुणालाही पडताळून पाहता येईल असा त्याला आधार आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शेवगाव आणि नेवासे तालुक्यांना पैठणच्या धरणामागच्या नाथसागर जलाशयाचा काठ लागतो. हे धरण १९७६ साली पुरं झालं आणि १९८६ साली हा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. जलाशय पसरट आणि बराचसा उथळ. पावसाळा सरून पाणी ओसरू लागलं की काठाची गाळपेर जमीन उघडी पडत जाते, आणि तिच्या कडेला चार बोटं पाण्यात शेकाट्या चरताना दिसतो. पांढरं अंग, काळे पंख, बारीक सरळ चोच आणि अंगाच्या मानाने फारच लांब असे गुलाबी-लाल पाय. पण त्याचं पांढरं कागदावर पांढरं ठेवून भागत नाही. खाली काळ्या मातीचा गाळ असतो, ऊन त्या उथळ पाण्यावरून उसळून पोटाला लागतं आणि तिथे मातकट पिवळी झाक येते. मानेच्या सावलीकडच्या अंगाला आभाळाची निळाई चढते. कोरा कागद राखायचा तो उन्हाकडच्या छातीवरच्या एका चिंचोळ्या पट्टीपुरता. म्हणजे पक्ष्याचा निम्मा रंग त्याचा स्वतःचा नसतोच, तो त्या जागेचा असतो.

प्रतिबिंबात तर हे आणखी उघड होतं. पक्षी उलटा करून खाली काढला की प्रतिबिंब झालं, हा समज सर्रास आढळतो. आपण काठावरून पक्ष्याकडे थोडं वरून पाहतो. पाण्यात मात्र तो खालून पाहिल्यासारखा उमटतो. त्यामुळे वर पाठीचा काळा भाग जास्त दिसतो, तर प्रतिबिंबात पोट आणि पंखांची खालची कड. शिवाय पडलेला सगळा उजेड पाणी परत देत नाही, म्हणून प्रतिबिंबातलं पांढरं मळतं. आणि पाणी गढूळ असेल तर काळं थोडं उजळतं. हलकी लहर असली की प्रतिबिंब उभं लांबत जातं. पायांचंही तसंच. गुडघ्यासारखा दिसणारा सांधा (खरं तर तो घोटा) पाण्याच्या किती वर आहे, यावरून तिथली खोली कळते. तो सांधा बुडवला आणि मागचा गाळ मात्र उघडा दाखवला, तर शेकाट्या खड्ड्यात उभा असल्यासारखा दिसतो. काठावर राहणाऱ्या माणसाच्या हे चटकन लक्षात येतं.

कॅमेरा हे सगळं टिपतोच, मग रंगवायचं कशाला, असं कोणी म्हणेल. टिपतो, पण सगळं एकदम टिपणं त्याला जड जातं. पांढऱ्या अंगाला धरून प्रकाश बेतला तर पाणी काळवंडतं; पाण्याला धरून बेतला तर छाती फटफटीत होऊन तिच्यातल्या साऱ्या छटा जातात. लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये मागचा काठ धूसर होऊन सपाट रंगाचा पडदा बनतो. फोटोवरून चित्र उतरवणारा हे दोषही इमानानं उतरवतो. चोचीची लांबी, पिसांची ठेवण पडताळायला फोटो हवाच, आणि तो मिळवण्यासाठी चिखलात तासन्‌तास पडून राहणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. रंग मात्र फोटोवरून घेऊ नयेत.

याहून वजनदार आक्षेप आहे तो मन्सूरचा. जहांगीरच्या दरबारातल्या या चित्रकारानं सायबेरियन क्रौंच रंगवला. ते चित्र आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. या पक्ष्याला प्राणिशास्त्रज्ञ पल्लासनं शास्त्रीय नाव दिलं १७७३ साली, म्हणजे चित्रानंतर सुमारे दीडशे वर्षांनी. भरतपूरला येणारे हे क्रौंच २००२ नंतर आलेले नाहीत. अशा वेळी मोल ठरतं ते पक्ष्याच्या अंगाच्या अचूकपणाचं, पाण्याचं नव्हे. ओळखपुस्तिकांतले पक्षीही कोऱ्या पार्श्वभूमीवर असतात आणि ते योग्यच आहे; दोन पक्षी ताडून पाहायचे तर जागेचा उजेड बाजूला काढावाच लागतो. हे मला पूर्ण मान्य आहे. अंगाचं प्रमाण बिघडलेल्या पक्ष्याला सुंदर पाणी वाचवू शकत नाही. मात्र त्या चित्रांना विचारलेला प्रश्न असतो, हा पक्षी कोणता? भिंतीवर लावायच्या मूळ चित्राला, हा कुठे आणि केव्हा उभा होता, हेही सांगावं लागतं. बाहेरचा चित्रकार काठावर पुरेसा थांबला तर त्यालाही ते जमेल. इथल्या माणसाला ते पाणी बारा महिने दिसतं, एवढाच फरक.

आणि नाथसागरासारख्या ठिकाणी हे सांगणं फार गरजेचं आहे. धरणाचं पाणी पावसावर आणि विसर्गावर वरखाली होतं. आज शेकाट्या चरतो ती कड पुढच्या साली पाण्याखाली असेल किंवा तिथे गाळपेराचं पीक उभं असेल. डिसेंबरातलं निवळलेलं पाणी आणि मे महिन्यातलं आटलेलं पाणी यांत एकच पक्षी दोन रंगांचा दिसतो. म्हणून चित्राच्या पाठीवर सहीसोबत गाव, महिना आणि पाणी कुठवर होतं ते लिहावं. विकत घेणाऱ्यानंही पिसांकडे वळण्याआधी पाय पाण्यात जिथे शिरतो ती जागा पाहावी, आणि चित्रकाराला ते पाणी कुठलं म्हणून विचारावं.