यंत्र थांबते, किरण थांबत नाहीत

कर्करोगावर कोबाल्टच्या यंत्राने उपचार घेतलेले माझे काही रुग्ण आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांपैकी एका आजींनी मध्यंतरी विचारले, "डॉक्टर, ते यंत्र म्हणे बंद केले. मग त्याचे झाले काय? आणि माझ्या अंगात ते किरण अजून असतील का?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. बाहेरून दिलेले किरण शरीरात साठून राहत नाहीत. नातवंडांना खुशाल जवळ घ्यावे. यंत्राची गोष्ट मात्र वेगळी. क्ष-किरण यंत्राची वीज बंद केली की किरण थांबतात. कोबाल्ट-६० ला तसे बटण नसते. त्याची तीव्रता सुमारे सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. उपचारास ते अपुरे ठरले, तरी इजा करण्याइतके सामर्थ्य त्यात उरतेच. म्हणून असे यंत्र भंगारात देता येत नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीने प्रशिक्षित तंत्रज्ञ आतील स्रोत जाड कवचाच्या पेटीत हलवतात आणि पुरवठादाराकडे किंवा अधिकृत केंद्राकडे पाठवतात.

ही शिस्त सुटली की काय होते, हे ब्राझीलमधील गोइयानिया शहराने १९८७ साली अनुभवले. दुसरीकडे हललेल्या एका उपचारकेंद्राच्या पडक्या इमारतीत सीझियम-१३७ चे यंत्र तसेच राहिले होते. दोघांनी त्याचा भाग उचकटून भंगारवाल्याला विकला. आतील निळसर चमकणारी पूड त्याने कौतुकाने आप्तेष्टांना दिली. माणसांना उलट्या, जुलाब सुरू झाले; कारण कोणाच्या ध्यानी येईना. सगळे एकाच वेळी आजारी कसे, ही शंका आली ती त्याच्या पत्नीला. तो अवशेष पिशवीत घालून बसने तो दवाखान्यात पोहोचवला गेला आणि पुढील अनर्थ टळला. ती मात्र वाचली नाही. मृत्यू पावलेल्या चौघांत तिची सहा वर्षांची पुतणीही होती.

ही हकिगत वाचल्यापासून मी रुग्णाचा व्यवसाय विचारल्याशिवाय औषध लिहीत नाही. शुश्रूषा करणाऱ्यांनीही तो आपणहून सांगावा. भंगाराचे वा धातू कापण्याचे काम करणाऱ्यास उलट्या होत असतील, भाजल्यासारखी जखम भरत नसेल, केस गळत असतील, तर हे सांगणे अत्यावश्यक आहे. पिवळ्या पाटीवर तीन पात्यांचे चिन्ह असलेली वस्तू कोठे आढळल्यास तिला हात लावू नये, उचलून कोठे नेऊ नये. माणसांना दूर करावे आणि पोलिसांना कळवावे.